पांढरी रेघ आणि तीन भोकं

बिल्लाकूरा टपाल कचेरी,
शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९५६

प्रिय क्लेम,

हे पत्र घेऊन येणारा माणूस तुझ्या गॅरेजच्या दारात टोपी हातात धरून उभा राहील, आणि पत्रभर त्याच्याच तक्रारी आहेत हे त्याला ठाऊक नसेल. टपालाच्या ट्रकवाल्याशी लग्न केल्याचा मला एवढा एकच फायदा. पिशवीला मी स्वतः लाख लावते, ती दीडशे मैल लान्सच्या पाठीशी बसून येते, आणि सरकारी सील असल्यामुळे त्याला ती उघडता येत नाही. सील म्हणजे त्याचा धर्म आहे. मागे पिशवीत त्याच्याच वाढदिवसाचा केक होता, तोही त्याने वास घेत घेत आणला.

तर तक्रार अशी. ट्रकने पस्तीस मैलांचा वेग धरला की स्टेअरिंग अंगात आल्यासारखं नाचतं. घरी आल्यावर अर्धा तास त्याच्या हातात कप धरवत नाही. उजवं पुढचं चाक, असं तो म्हणतो. दोन महिने झाले, आणि तुला सांगायला तो तयार नाही. काल मी म्हटलं, अरे माझा सख्खा भाऊ आहे तो, खातो का काय तुला? तर म्हणाला, "तुझा भाऊ चाक सुधारतो आणि माणूस बिघडवतो. मागच्या खेपेला एक नट उलटा लावला म्हणून मला गिऱ्हाइकांसमोर पाऊण तास शिकवलंन."

या खेपेला आगगाडीच्या सायडिंगवर न थांबता ट्रक घेऊन थेट तुझ्याकडे जा, असं मी त्याला बजावलंय. तेव्हा भाषण नको, चाक बघ. क्लेम, त्या ट्रकवर आमचं घर चालतं ते सोड, विलाराचा घाट, आणि कधी जुन्या वाटेने गेलं तर डन्स्टनची उतरण, ज्या रस्त्यात आहे तिथे माझा नवरा बधिर हातांनी गाडी चालवतोय.

तुझी,
मर्टल

---

क्वॉर्न,
मंगळवार, ७ फेब्रुवारी

प्रिय मर्टल,

तुझं पत्र मिळालं. लान्सला मी काही बोललो नाही. त्याला बाकावर बसवून चहा दिला आणि काम दोन दिवसांत पुरं केलं. आता काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण लान्स तुला नीट सांगू शकणार नाही.

इतर लोक चाक वेगळं तोलतात आणि ब्रेकचा ड्रम तोलतच नाहीत. नव्या गाड्यांत ते खपून जातं. जुन्या लष्करी ट्रकचा ड्रम म्हणजे अर्धा मण ओतीव बीड. तो जरा एकांगी असला तर चाक कितीही तोला, उपयोग शून्य. म्हणून मी दोन्ही एकत्र जोडून स्वतः बनवलेल्या स्पिंडलवर, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या दांड्यावर, चढवतो आणि सोडून देतो. जी बाजू खाली येऊन थांबते ती जड. तिच्या समोर रिमवर शिसं. जोडी तोलात आली की ड्रमपासून रिमपर्यंत एक पांढरी रेघ ओढतो, म्हणजे पंक्चर काढून चाक परत बसवणारा कितीही गाढव असला तरी ते त्याच जागी बसवेल. चाक एक स्टड, म्हणजे एक बोल्ट, पुढेमागे बसलं तर शिसं भलत्या बाजूला जातं आणि माझं काम मातीत. ही पद्धत मला कुणी शिकवलेली नाही. ॲडलेडच्या कारखान्यातला एक इंजिनियर इथे येऊन ती वहीत उतरवून घेऊन गेला.

मी पहिल्यांदा रेघ पाहिली. अगदी जुळलेली होती. तेव्हा चाक चुकीचं बसवलंय ही शंका मिटली, दोष ड्रमचाच. जोडी फिरवून पाहिली, एक बाजू पावणेदोन औंस जड. मी तोललेला ड्रम एवढा कसा सरकला हे कोडं आहे, पण बीड तापून वाकडं होतं. आमच्या गावातला दुसरा गॅरेजवाला आणखी शिसं टांगून मोकळा झाला असता. मला रिमवर शिशाची ठिगळं आवडत नाहीत. मी जड बाजूचं बीडच काढलं: ड्रमच्या कडेत तीन भोकं, अर्धा इंच रुंद, पाऊण इंच खोल, आरपार नाहीत. हा ड्रम दुष्काळाच्या साली मी लेथवर घासला होता, साठ थाउ, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले साठ. पुस्तकातली मर्यादा तेवढीच. पुस्तक लिहिणाऱ्याने सावध राहायचं असतं. ज्याचा हात बसलेला आहे त्याला थोडं पुढे जाता येतं.

आता ट्रकमध्ये कप ठेवून बघ म्हणावं.

तुझा भाऊ,
क्लेम

---

बिल्लाकूरा,
रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय क्लेम,

ठेवला. काल शेवटचे दहा मैल मी त्याच्याबरोबर मुद्दाम गेले. स्टेअरिंगपुढच्या फळीवर भरलेला कप ठेवला, चाळीसचा वेग, आणि बशीत फक्त दोन थेंब. लान्स कपाकडे बघत होता, रस्त्याकडे नाही. शेवटी मीच तो पिऊन टाकला.

तुझं कौतुक मी पोपटांच्या तासाला रेडिओवर केलं. सकाळी साडेआठला सगळ्या कुरणांवरच्या बायका पोपटांसारख्या एकदम बोलायला लागतात, त्यात मीही घुसले आणि सांगितलं की माझ्या भावाने थरथर पार काढली. यारावी कुरणाच्या प्लमरिजबाई म्हणाल्या, आमच्याही गाडीची त्यानेच काढलीय, गाडी कशी पाण्यावरून गेल्यासारखी जाते. तेव्हा ऐंशी कुरणांना आता ठाऊक आहे की क्लेम ट्रेगेंझासारखं चाक कुणी तोलत नाही. फुगून जाऊ नकोस.

एक सांगते. एवढं चांगलं काम झालं तरी लान्स खूश नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं, तर रेघेचा भाग आला तेव्हा उठून बाहेर कुत्र्याला पाणी पाजायला गेला. कुत्र्याचं भांडं भरलेलं होतं. तुम्हा दोघांत काही झालं का?

उत्तरेकडे ढग दिसतायत. पाऊस आला तर विलाराचा ओढा वाहील आणि टपाल आठवडाभर उशिरा.

मर्टल

---

क्वॉर्न,
बुधवार, २२ फेब्रुवारी, दुपार

मर्टल,

हे नीट वाच आणि लान्स परत निघायच्या आत वाच.

आज सकाळी आमच्या गावातला ऑटो शिर्मर नावाचा माणूस त्याची जुनी गाडी घेऊन आला, ब्रेक लावला की कर्र आवाज येतो म्हणून. त्याच्या मागच्या ड्रमला मी नोव्हेंबरात अशीच भोकं पाडली होती. काढून हातोडीने टिचकी मारली. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो, तुला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या शेडमध्ये तू गृहपाठ करायचीस तेव्हा डोळे मिटून सांगायचीस, हा चांगला, हा फुटका. शिर्मरचा बद्द वाजला, फुटक्या माठासारखा. रॉकेल लावून पुसला तर तडा एका भोकातून दुसऱ्या भोकात आणि तिथून तिसऱ्या भोकात गेलेला. शिर्मरची गाडी नुसती गावात फिरते. लान्सचा ड्रम याहून पातळ आहे आणि ट्रकवर तीन टन माल असतो.

मी हिशेब केला आहे. ट्रक आत्ता सायडिंगवर उभा आहे. उद्या सकाळी आगगाडीतून टपाल उतरेल, हे पत्र त्यातच असेल, लान्स ते घेऊन निघेल. येताना विलाराचा घाट आहे, पण तो चढ आहे. चढावर ब्रेकला काम नसतं. उतार आहे तो परतीचा. म्हणजे तुझ्यापर्यंत तो सुखरूप येतो. शनिवारी तू पिशवी उघडशील. त्यानंतर ट्रक एक इंचही हलता कामा नये. उजवं पुढचं चाक काढून ड्रमला टिचकी मार. कसाही वाजला तरी हलवू नकोस. भंगारातल्या एका ट्रकचा ड्रम मला मिळतोय, तो घेऊन मी पुढच्या आगगाडीने येतो आणि स्वतः बसवतो.

तू विचारशील, रेडिओवर तार का नाही केली. सायडिंगला निरोप आज संध्याकाळीच पोहोचला असता. मी टपाल कचेरीच्या दारापर्यंत गेलो होतो. मर्टल, ऑगस्टाच्या रेडिओ तळावरची बाई प्रत्येक तार सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचते. "ट्रेगेंझाच्या ड्रमवर भरवसा ठेवू नका," हे ऐंशी कुरणं ऐकणार, तूच माझं कौतुक केलंस त्या तासाला. मी शाळेत चार इयत्ता शिकलो. माझ्याकडे कारखान्याचं सर्टिफिकेट नाही, फक्त नाव आहे. आणि मी स्वतः या आगगाडीत बसू शकलो असतो, पण दुसरा ड्रम हातात नसताना सायडिंगवर सगळ्यांदेखत लान्सला काय सांगू? हिशेब बरोबर आहे. मी दोनदा केला.

गाडी सुटायला वीस मिनिटं आहेत. रेडिओवर काही बोलू नकोस.

क्लेम

---

ऑगस्टा, इस्पितळाचा व्हरांडा,
बुधवार, ७ मार्च

क्लेम,

तू तपशिलाचा माणूस आहेस म्हणून तपशील देते.

गुरुवारी २३ तारखेला लान्सने सायडिंगवर टपाल घेतलं. शुक्रवारी सकाळी विलाराचा ओढा कमरेच्या वर वाहत होता. वरती कुठेतरी पाऊस झाला होता, आमच्याकडे थेंबही नव्हता. आठवडाभर थांबायचं सोडून तो जुन्या वाटेने वळला, कारण ट्रकमध्ये यारावीच्या बाळाची दुधाची पावडर होती. जुनी वाट पठारावरून जाते आणि डन्स्टनच्या उतरणीने खाली येते. म्हणजे घरी येतानाच उतार. तुझ्या हिशेबात ओढा नव्हता.

दुसऱ्या वळणावर ड्रम फुटला. तो म्हणतो तोफेसारखा आवाज झाला. ब्रेकचं तेल सगळं त्या चाकातून उडालं, पाय फळीपर्यंत गेला, आणि ट्रक डावीकडे ओढला जाऊन खाली गेला, तीन कोलांट्या. उजवा पाय दरवाजाखाली सापडला. शुक्रवारी सकाळी दहापासून शनिवारी संध्याकाळपर्यंत तो तिथे होता. पाण्याची कॅनव्हासची पिशवी हाताला लागत होती म्हणून जगला. चुकलेली गुरं शोधत आलेल्या यारावीच्या माणसाला वर घिरट्या घालणाऱ्या घारींवरून कळलं. डॉक्टरांचं विमान उतरणीच्या पायथ्याशी उतरलं. पाय मांडीच्या मध्यावर कापला.

टपालाच्या पिशव्या ३ मार्चला घोड्यावरून माझ्याकडे आल्या. मी पोस्टमास्तरीण आहे, तेव्हा आधी सील तपासलं. शाबूत होतं. मग पिशवी उघडली, तारखेचा शिक्का मारत गेले, आणि तुझ्या पत्रावरही मारला, आणि मग ते काउंटरमागे बसून वाचलं. दीड दिवस उन्हात, मान टेकायला दुसरं काही नव्हतं म्हणून लान्सने तीच पिशवी डोक्याखाली घेतली होती. तिच्यावर रक्त होतं. ते मी धुतलं नाही. सरकारी मालमत्ता आहे, जशी आली तशी परत करावी लागते.

मी लान्सला यातलं काही सांगितलेलं नाही. तो विचारतो, पिशवीत क्लेमचं काय होतं, मी म्हणते घरचं.

मी रडून झालेय, आता एकच विचारते. शिर्मर एक, लान्स दुसरा. प्लमरिजबाईंनी रेडिओवर सांगितलं की त्यांच्या गाडीची थरथर तूच काढलीस. कशी काढलीस, शिसं लावून की भोकं पाडून? आणखी किती ड्रमांना भोकं पाडलीस, क्लेम? त्यांना पत्रं पाठवू नकोस. पत्राने काय होतं ते माझ्या टेबलावर आहे.

मर्टल

---

क्वॉर्न,
सोमवार, १२ मार्च

मर्टल,

तीन. आणखी तीन आहेत. प्लमरिजची गाडी, बोअर खणणाऱ्या हेन्श्केचा ट्रक, आणि नर्स काल्डरची लहान गाडी, ती उत्तरेच्या कुरणांवर फिरते. सगळ्यांच्या रेघा माझ्या, सगळी भोकं माझी.

तू सांगितलंस तरी मी तिघांना पत्रं लिहिली आहेत. रागावू नकोस. प्लमरिजचं आज गेलं. हेन्श्के कुठे खणतोय कुणाला नक्की ठाऊक नाही; त्याचं टपाल जमवून एप्रिलात नेतात. नर्सचं तिच्या घरी जाऊन पडेल, ती घरी महिन्यातून एकदा येते. हे सगळं मला कळतं.

शनिवारी मी ऑगस्टाला आलो होतो. आधी रेडिओच्या तळावर गेलो. आतून ती बाई कुणाच्या तरी सुनेला मुलगी झाल्याची तार वाचत होती, दोनदा, सावकाश, शेवटी "अभिनंदन" म्हणाली. मी पायरीवर उभा राहून माझा मजकूर मनात तिच्या आवाजात ऐकून पाहिला. जमलं नाही. तिथून इस्पितळात आलो. तू व्हरांड्यात नव्हतीस. दाराच्या काचेतून लान्स दिसला. चादर एका बाजूला सपाट होती. एक बाजू जड, एक हलकी. मला दुसरं काही सुचलंच नाही, मी असा माणूस आहे. तसाच परत फिरलो.

पाच दिवस झाले, गॅरेज बंद आहे. स्पिंडलवर शिर्मरचा ड्रम चढवलेला आहे. मी त्याला टिचकी मारतो आणि ऐकतो. झोप नाही, जेवण जात नाही. मला अजून ती एक गोष्ट कळत नाही, मर्टल, आणि ती कळली तर बहुतेक बाकीचंही सहन होईल. ड्रम मी तोललेला होता. रेघ जुळलेली होती. मग तो पावणेदोन औंसांनी गेला कसा?

क्लेम

---

ऑगस्टा इस्पितळ,
शनिवार, १७ मार्च

प्रिय क्लेम,

अक्षराची माफी, पाटी छातीवर ठेवून लिहितोय. मर्टल बाहेर गेलीय तेवढ्यात उरकतो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा टाकणार आहे पत्र पेटीत, त्याला वाटतं मी दुसऱ्या बाईला लिहितोय.

तू मागच्या शनिवारी आला होतास. काचेतून टोपी दिसली. आत आला नाहीस म्हणून वाईट वाटलं नाही, उलट सुटका झाली असं वाटलं, कारण तुला एक सांगायचं होतं आणि तोंडावर धीर झाला नसता. अजूनही पाऊण तासाच्या भाषणाची भीती वाटते बघ, पाय गेला तरी.

डिसेंबरात वाळूत माझं उजवं पुढचं चाक पंक्चर झालं. ऊन मरणाचं, नट तापलेले. चाक परत लावलं आणि पाहिलं तर तुझी रेघ जुळत नव्हती, दोन स्टड पलीकडे. सगळं परत काढायला हवं होतं. मी म्हटलं जाऊ दे. तेव्हापासून थरथर. पुढे तुझ्याकडे यायची वेळ आली तेव्हा घाबरलो. बिल्लाकूराहून निघायच्या आधी रिमवरची जुनी रेघ रॉकेलने पुसली आणि ड्रमच्या रेघेसमोर नवी ओढली. मर्टलच्या कुंपणाचा उरलेला रंग होता. तू वाकून रेघ पाहिलीस, बोट फिरवलंस, आणि "जुळतेय" म्हणालास. मी बाकावर बसून तुझा चहा पीत होतो. तेव्हा बोललो असतो तर तू चाक दोन स्टड फिरवून पाच मिनिटांत मला हाकलून दिलं असतंस.

ड्रमचं तू काय केलंस ते मला नीट कळलं नाही, पण जे काही केलंस ते माझ्या खोट्या रेघेमुळे केलंस. पोलीस चौकशीला येणार आहे, त्याला मी हेच सांगेन: चूक गाडी चालवणाऱ्याची. तुझं नाव यात यायला नको. त्या भागात गाडी बिघडली तर लोक देवाच्या आधी तुझं नाव घेतात, ते तसंच राहू दे.

मर्टल म्हणते पिशवीत तुझं पत्र होतं. म्हणजे मी दीड दिवस तुझ्या पत्रावर डोकं ठेवून पडलो होतो. सील नसतं तर वाचत तरी बसलो असतो. वेळ जाता जात नव्हता. काय लिहिलं होतंस?

तुझा,
लान्स

---

रेडिओ तार
ऑगस्टा तळ, मंगळवार, २० मार्च १९५६, सकाळी साडेआठ
सर्व कुरणांसाठी. मजकूर देणारा तळावर स्वतः हजर.

यारावीचे प्लमरिज, बोअरवाले हेन्श्के, नर्स काल्डर. तुमच्या गाड्या आहेत तिथेच थांबवा. मी तुमच्या ब्रेकच्या ड्रमांना भोकं पाडून ते कमजोर केले आहेत. असाच ड्रम डन्स्टनच्या उतरणीवर फुटून लान्स ओकडनचा पाय गेला. मला दोन दिवस आधी कळलं होतं. तेव्हा इथे येऊन सांगायची लाज वाटली. हेन्श्के कुठे आहे हे ज्याला ठाऊक असेल त्याने आत्ता या तासालाच बोलावं, मी ऐकतो आहे. दुसरे ड्रम घेऊन मी स्वतः येतो, रिमला शिसं लावून तोलेन.

लान्स, तू इस्पितळात ऐकत असशील. पत्रात हेच लिहिलं होतं. पोलिसाला मी काल सगळं सांगितलं आहे. रेघ तुझी, भोकं माझी.

क्लेम ट्रेगेंझा, क्वॉर्न. मजकूर दोनदा वाचावा, सावकाश.